पहिलं मशीन घ्यायचंय : जेसीबी, पोकलेन की लोडर? (कोल्हापूर परिसर)

कागलचा_रस्ता | रविवार, रात्री ९.१०

नमस्कार मंडळी.

कागल ते कोल्हापूर या पट्ट्यात मी छोटी सिव्हिल कामं घेतो. घरांच्या पायाची खुदाई, प्लिंथचा (जोत्याचा) भराव, कंपाउंड, ग्रामपंचायतीची गटारं, शेतातल्या पाइपलाइनी. आठ वर्षं झाली, मशीन कायम भाड्याचं. यंदा डाउन पेमेंटची जुळणी झाली आहे, बँकेशी बोलणं झालं आहे आणि नेमकं आता मन ठरत नाही.

गोंधळ नको म्हणून आधीच सांगतो. आपल्याकडं जेसीबी म्हणजे कुठल्याही कंपनीचा बॅकहो लोडर : चार टायर, पुढं रुंद बकेट, मागं खणायचा हात. पोकलेन म्हणजे चेनवरचा एक्स्कॅव्हेटर. दोन्ही मुळात कंपन्यांची नावं, एक ब्रिटनची आणि एक फ्रान्सची, पण आता ती मशीनचीच नावं झाली आहेत. लोडर म्हणजे फक्त पुढं बकेट असलेलं, खडी-वाळू उचलणारं.

हा धागा काढायचं कारण गेल्या महिन्यातलं पाचगावचं काम. नऊ कॉलम, पाच बाय पाचचे खड्डे, सहा फूट खोली. नेहमीप्रमाणं जेसीबी बोलावला. वरचा दोन-अडीच फूट मुरूम भराभर निघाला आणि मग दगड लागला. ऑपरेटर मागचं बकेट दगडाच्या सांध्यात घालून ओढायचा, दगड जागचा हलायचा नाही, मशीनच मागं ओढलं जायचं. मशीन टेकवायच्या जॅकच्या पायांनी जमिनीवर पांढरे चरे उमटत होते. दुपारपर्यंत तीन खड्डे झाले, तेही अर्धवट. बकेटचे दोन दात गेले. दुसऱ्या दिवशी ब्रेकर, म्हणजे दगड फोडायचा हातोडा, लावलेलं पोकलेन ट्रेलरवरून आणलं. साडेपाच तासांत सगळे खड्डे तळाला गेले, पण बोलीत किमान आठ तास आणि ट्रेलरचं दोन्ही बाजूंचं भाडं होतं. घरमालक शाळेतून निवृत्त झालेले गुरुजी. वाढलेला खर्च त्यांना सांगताना मला फार वाईट वाटलं. जमीन मी आधी नीट बघायला हवी होती.

माझ्या वहीप्रमाणं गेल्या वर्षी जेसीबी ६४० तास लागला आणि पोकलेन ९० तास. तरी पाचगावच्या त्या दिवसापासून पोकलेनच घ्यावं असं डोक्यात बसलंय. या धंद्यातल्या जाणत्यांनी मनापासून सांगावं.

तास_रीडिंग | रविवार, रात्री १०.२५

भावा, एका दगडावरून मशीन ठरवू नको. मी ती चूक केली आहे म्हणून सांगतो.

२०११ साली माझं पहिलं मशीन वीस टनी पोकलेन, सेकंडहँड. घेतलं तेव्हा हातात एका तलावातला गाळ काढायचं काम होतं, दिवसाला दहा-दहा तास चालायचं. मला वाटलं, हे असंच चालणार. मे संपला, पाऊस लागला, काम थांबलं. त्यानंतर साडेतीन महिने मशीन माळावर ताडपत्रीखाली उभं. हप्ता मात्र पावसाळा बघत नाही. घरातलं सोनं ठेवून मी तीन हप्ते भरले. ते पोकलेन शेवटी मी तोट्यात विकलं आणि जेसीबीपासून परत सुरुवात केली.

मशीन कामाच्या ठिकाणी पोचतं कसं, हे आधी बघ. जेसीबी स्वतःच्या चाकांवर जातो. सकाळी गोकुळ शिरगावात दोन तासांचं गटार, दुपारी कणेरीत तीन तासांचा भराव, संध्याकाळी कागलात झाड पडलेलं उचल. एका दिवसात तीन गिऱ्हाईकं. पोकलेनला डांबरी रस्त्यावरून चालवता येत नाही, चेनच्या पट्ट्या डांबर उकरतात. दर वेळी ट्रेलर. त्यामुळं पोकलेनला एका जागी निदान तीन-चार दिवसांचं काम पाहिजे, तरच ट्रेलरचा पैसा पचतो.

डिझेल बघ. जेसीबी तासाला चार-पाच-सहा लिटरच्या आसपास. वीस टनी पोकलेन बारा ते पंधरा, ब्रेकरला त्याहून जास्त. भाड्याचे आकडे मी मुद्दाम लिहीत नाही, डिझेलबरोबर ते हलतात. पण आपल्या भागात पोकलेनचा तास साधारण जेसीबीच्या दुपटीला जातो, हे तुलाही माहीत आहे.

ब्रास_घनफूट | सोमवार, सकाळी ७.४०

मी स्थापत्य अभियंता आहे, मशीनमालक नाही, त्यामुळे माझं बोलणं हिशोबाच्या बाजूनं. तासाचा दर विचारून मशीन ठरवणं हीच मूळ चूक आहे, असं माझं ठाम मत आहे. दर ब्राससाठी विचारावा.

वीस टनी पोकलेनचं बकेट साधारण ०.९ ते १ घनमीटर. जेसीबीचं मागचं बकेट सुमारे ०.२६ घनमीटर आणि पुढचं १.१. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, म्हणजे २.८३ घनमीटर. दहा चाकी टिपरमध्ये चार ब्रास माती धरली तर ती ११.३ घनमीटर होते. पोकलेन ती बारा बकेटांत भरेल, पाचेक मिनिटांत. जेसीबीला मागच्या हातानं खणून भरायची तर त्रेचाळीस-चव्वेचाळीस बकेटं लागतात, सोळा-सतरा मिनिटं जातात. माती आधीच ढिगात असेल आणि जेसीबी पुढच्या बकेटनं भरत असेल तर दहा-अकरा बकेटं, आठेक मिनिटं.

इथपर्यंत पोकलेनच जिंकलं असं वाटेल. पण आता टिपर मोजा.

चाळीस बाय साठचा प्लॉट, दहा फूट खोल तळघर. २४,००० घनफूट, म्हणजे २४० ब्रास. खणलेली माती फुगते. साधी माती-मुरूम पाव हिश्शानं फुगला असं धरा, तर ३०० ब्रास वाहायचे. चार ब्रासच्या ७५ फेऱ्या. माती टाकायची जागा अशी आहे की टिपरला जाऊन यायला ५० मिनिटं लागतात. तुमच्याकडे टिपर तीन आहेत. पोकलेन पाच मिनिटांत टिपर भरून देईल आणि पुढच्या टिपरची वाट बघत बसेल. तासाला सव्वातीन फेऱ्या निघतील, ७५ फेऱ्यांना २३ तास. जेसीबी सतरा मिनिटांत भरेल, तासाला पावणेतीन फेऱ्या, २८ तास. म्हणजे दुप्पट दराचं मशीन लावून पाच तास वाचले.

टिपर दहा असते तर चित्र उलटं. पोकलेन तेच काम सात तासांत उरकेल आणि जेसीबीला एकवीस तास लागतील. शिवाय सहा-सात टिपर रांगेत उभे राहून त्यांचं भाडं वेगळं चढेल.

म्हणून माझा प्रश्न : तुमच्याकडे टिपर किती?

आणि एक कागदाची गोष्ट. माती प्लॉटबाहेर न्यायची असेल तर तहसीलची गौण खनिजाची (माती, मुरूम, वाळू वगैरेची) परवानगी घ्या आणि स्वामित्वधन, म्हणजे रॉयल्टी, आधी भरा. पायातली माती त्याच प्लॉटवर सपाटीकरणाला वापरली तर स्वामित्वधन लागत नाही, असा पुण्यातल्या बांधकाम व्यावसायिकांच्या संघटनेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाचा २०१४ चा निकाल आहे. वाहन रस्त्यात अडवलं की मशीनही बसून राहतं, आणि बसलेल्या मशीनचा तास सगळ्यात महाग.

कागलचा_रस्ता | सोमवार, दुपारी १.१५

साहेब, हा हिशोब मला आठ वर्षांत कुणी असा मांडून दाखवला नव्हता. माझ्याकडं बोलीचे टिपर दोनच. तेही उसाच्या हंगामात कधी मिळतात, कधी नाही.

तास_रीडिंग दादा, तुमचा अनुभव वाचून रात्री झोप लागली नाही. माझ्या घरातही ठेवण्यासारखं तेवढंच आहे.

बूमचा_हात | सोमवार, रात्री ८.५०

मी ऑपरेटर हाय. सात वर्षं जेसीबी, आता सहा वर्षं पोकलेन. शिकल्याली माणसं हिशोब बरोबर मांडत्यात, पर मशिनच्या शिटावर बसल्यावर जे कळतं ते सांगतो.

जेसीबीचा मागचा हात एका बाजूपासून दुसऱ्या बाजूपतुर फिरतो, अर्धा गोल. म्हंजे टिपर तुमच्या हाताच्या टप्प्यात बाजूला लावाय लागतो. खड्डा झाला की जॅक उचला, शीट फिरवा, मशिन पुढं घ्या, परत शीट फिरवा, जॅक टाका. दिवसात हे शंभरदा. पोकलेनला असलं काय न्हाई. जागच्या जागी पुरं गोल फिरतंय, खणलं की फिरवून टाकलं. पर त्या फिरण्यातच धोका हाय. मागचं वजन, आमी शेपूट म्हणतो त्याला, ते बाहेर येतंय. मागं हेल्पर हुबा हाय का न्हाई ते शिटावरनं सगळं दिसत न्हाई. एकदा वळणार एवढ्यात समोरनं मुकादम जीव खाऊन वरडला. मी लिव्हर सोडलं. मागं पोरगं वाकून पाण्याची बाटली उचलत हुतं, हातभर अंतर ऱ्हायलं हुतं. त्या दिवसापासनं मशिनभवती दोरी बांधल्याशिवाय मी चावी लावत न्हाई. मशिन घेणार असशील भावा, तर दोरी आणि शिट्टी पयल्या दिवशी घे.

दुसरं, काळी माती. नदीकडच्या रानात, बावडा, वडणगे, चिखली, तिकडं पाऊस लागला की टायरचं मशिन जाईत न्हाई. जेसीबीचा सगळा भार चार टायरांच्या वीतभर जागेवर येतोय. पोकलेनचा भार दोन लांब चेनींवर पसरतोय. वीस टनाचं मशिन, पर जमिनीवर दाब हुब्या माणसाच्या पायाएवढाच पडतोय. चिखलात रुतल्याले जेसीबी मी पोकलेननं किती काढलं त्याची मोजदाद न्हाई.

आणि दगडाचं. दगड मशिन बघून फुटत न्हाई, सांधा बघून फुटतोय. ब्रेकर सरळ हुबा धरायचा, एका जागी लई येळ ठोकायचं न्हाई. छिन्नी लाल झाली की समजायचं हात चुकतोय. चांगला ऑपरेटर न्हाई मिळाला तर कुठलंबी मशिन घेऊ नगो.

बावड्याची_लेक | मंगळवार, सकाळी ११.०५

मी बांधकामातली नाही. माहेरचं घर कसबा बावड्यात, गेल्या वर्षी पाडून नवं बांधलं. भाऊ नोकरीनिमित्त बाहेर, म्हणून कामावर मीच उभी असायची. तुमच्यासारख्या मशीन घेणाऱ्या भावांनी हे वाचावं म्हणून लिहिते.

आमच्याकडे काळी माती. पक्का मुरूम लागायला नऊ फूट खाली जावं लागलं. कंत्राटदारानं जेसीबीनं खड्डे घेतले आणि मशीन परत न्यायची घाई म्हणून निघालेली सगळी माती खड्ड्यांच्या काठालाच रचली. रात्री वळीव झाला. सकाळी आठला दोन कामगार खाली उतरून तळ साफ करणार होते. मी त्यांना चहा घ्या म्हणून वर बोलावलं. ते चहा पीत असताना कोपऱ्यातल्या खड्ड्याची एक अख्खी बाजू खाली बसली, वरच्या ढिगासकट. आवाज फार मोठा नाही झाला. धप्प, एवढाच. त्यातला एक जण माझ्या मुलाच्या वयाचा होता. त्या आवाजानं अजूनही मला जाग येते.

नंतर समजलं की माती काठापासून लांब टाकायला हवी होती. जेसीबीचा हात तेवढा लांब पोचत नव्हता. दुसऱ्यांदा पुढच्या बकेटनं ढकलून लांब न्यायची तर आणखी दोन तास लागले असते. ते दोन तास वाचवले. मशीन कुठलंही घ्या, पण खोल खड्ड्याच्या कामाला माती लांब टाकायचे तास तुमच्या दरात धरा. घरमालकाला स्पष्ट सांगा की हे पैसे कशाचे आहेत. आम्ही दिले असते.

ब्रास_घनफूट | मंगळवार, दुपारी १२.३०

ताई, तुम्ही लिहिलंत ते प्रत्येक साइटवर वाचून दाखवावं असं आहे. यंत्र निवडताना आम्ही खोली बघतो आणि पोच विसरतो. जेसीबी पावणेपाच मीटरपर्यंत खाली जाऊ शकतो, म्हणून लोकांना वाटतं की पंधरा फुटांचा खड्डा त्यानं होईल. खाली जाईल, पण माती टाकणार कुठे? वीस टनी पोकलेन साडेसहा मीटरच्या आसपास खाली जातं आणि त्याचा हात साडेनऊ-दहा मीटर लांब पोचतो. काळ्या मातीत, आठ फुटांच्या खाली, मी तरी पोकलेनच सुचवतो. इथं ब्रासचा हिशोब दुय्यम. आणि कडा उभ्या न ठेवता उतरत्या कापायच्या किंवा आधार द्यायचा, हे मशीन कुठलंही असलं तरी.

बगॅस_यार्ड | मंगळवार, रात्री ९.३५

लोडरबद्दल कुणी बोललं नाही म्हणून लिहितो. मी साखर कारखान्याच्या बगॅस यार्डात, म्हणजे उसाच्या चिपाडाच्या आवारात, देखरेखीला आहे.

लोडर खणत नाही. हे एकदा मनात पक्कं करा. त्याचं बकेट जमिनीलगत ढिगात शिरून उचलण्यासाठी आहे. खडीचा क्रशर, काँक्रीटचा प्लांट, कारखान्याचं यार्ड, फाउंड्रीतली (ओतकामाच्या कारखान्यातली) वाळू, जिथं एकाच आवारात सतत माल हलवायचा आहे तिथं लोडरला तोड नाही. आमच्याकडं बगॅस हलका, म्हणून मोठ्या मापाचं, उंच उलटणारं बकेट लावतात. हंगामात मशीन तिन्ही पाळ्यांत चालतं. बगॅसचा भुसा रेडिएटरवर गादीसारखा बसतो, इंजिन तापतं, आणि तापलेल्या इंजिनाशेजारी कोरडा बगॅस म्हणजे काय ते सांगायला नको. आमचा नियम असा की पाळी बदलली की आधी हवेनं रेडिएटर साफ, सायलेन्सरजवळचा भुसा हातानं काढायचा, मग पुढची पाळी चढणार. घाई असो नाहीतर नसो.

कागलच्या भावाला सांगायचं तर तुमच्या कामाला नुसता लोडर नको. तुमच्याकडं आवार नाही, साइट आहे. पण पंचतारांकित एमआयडीसीत किंवा शिरोलीला एखाद्या फाउंड्रीचं वर्षाचं काम मिळणार असेल तर वेगळा विचार करा. तिथं वाळू रोज हलवावीच लागते आणि पावसाळ्यातही काम थांबत नाही.

पेठेतला_बोळ | बुधवार, सकाळी ८.२०

शिवाजी पेठ, मंगळवार पेठ भागात जुनी घरं पाडून नवी बांधायची कामं मी बघतो. आमच्याकडं प्रश्नच वेगळा. बोळ सात-आठ फुटांचा. जेसीबीची रुंदी सव्वादोन मीटर, म्हणजे साडेसात फुटांच्या आसपास. आत गेला तरी जॅक पसरायला जागा नाही आणि शेजारच्या घराची भिंत मातीची. आम्ही तीन-साडेतीन टनी छोटं चेनचं मशीन लावतो. रबरी चेन असली तर फरशीही फुटत नाही. काम सावकाश होतं, पण शेजारच्या काकूंच्या घरातली मांडणी हलत नाही. ही कामं शहरात वाढत चालली आहेत आणि अशी मशीन कमी आहेत.

बोळात खणण्याआधी पाण्याची लाइन, ड्रेनेज, वीज कुठून गेली आहे ते पेठेतल्या जुन्या माणसाला विचारा. नकाशात नसलेली लाइन त्याच्या तोंडी असते. केंद्र सरकारनं २०२३ मध्ये 'कॉल बिफोर यू डिग' ॲप आणलं आहे, केबल-पाइपवाल्या कंपन्यांना आधी कळवण्यासाठी. मोठ्या रस्त्यावर खणणार असाल तर तेही वापरा.

कागलचा_रस्ता | बुधवार, रात्री १०.४५

सगळ्यांचे मनापासून आभार. ताई, तुमचा अनुभव मी माझ्या दोन्ही मुकादमांना वाचून दाखवला. उद्यापासून आमच्या साइटवर माती काठाला पडणार नाही.

आज जेवण झाल्यावर वही काढून बसलो. ६४० तास एवढंच मी धरून चाललो होतो, त्या तासांत मशीननं काय केलं ते कधी वेगळं काढलं नव्हतं. बायको वाचत गेली आणि मी लिहीत गेलो. मागच्या हातानं खुदाई : २९० तास. पुढच्या बकेटनं भराव पसरणं, मुरूम लेव्हल करणं, टिपर भरणं, राडारोडा उचलणं : ३१० तास. उरलेले ४० तास इकडचं तिकडं, पाइप उचलणं, मिक्सर ओढून नेणं, असलं. म्हणजे निम्म्याला टेकलेलं काम पुढच्या बकेटचं आहे. पोकलेन घेतलं असतं तर या ३१० तासांसाठी मी परत जेसीबीच भाड्यानं आणला असता.

आणि पोकलेनचे ९० तास बघितले तर त्यातले ६२ तास ब्रेकरचे, सगळे पाचगाव-मोरेवाडीच्या माळावरचे. बाकीचे दोन विहिरींचे.

इतकं समोर असून मला दिसत नव्हतं. पाचगावच्या गुरुजींचा चेहराच डोळ्यांपुढं येत होता.

ठरलं. जेसीबी. नवा की जुना, एवढंच राहिलं. नव्याचा हप्ता छातीवर येतोय. पेठ वडगावजवळ एक जुना आहे, मालक ६,२०० तास सांगतोय.

तास_रीडिंग | बुधवार, रात्री ११.३०

बरोबर ठरवलंस. वही हाच खरा सल्लागार. माझ्याकडं तेव्हा वही नव्हती.

पाचगाव-मोरेवाडीच्या कामाला एक कर. कॉलमची आखणी झाली की आधी एकाच कोपऱ्यात जेसीबीनं खड्डा घेऊन बघ, दगड किती फुटांवर आहे. शेजारी विहीर किंवा बोअर असेल तर मालकाला विचार. दगड वर असेल तर ब्रेकरचं पोकलेन पहिल्या दिवसापासून दरात धर आणि त्या भागातली दोन-तीन कामं एका आठवड्यात लाव. ट्रेलर एकदाच येईल, भाडं तिघांत वाटलं जाईल. किमान तासांची अटही अंगावर येणार नाही. कधी लागलं तर माझ्याकडचं मशीन आहे, तुला कुणी अडवणार नाही.

जुनं घेताना जेसीबीला आधीच्या मालकानं ब्रेकर लावला होता का, ते विचार. ब्रेकरच्या धक्क्यांनी मागच्या हाताच्या सांध्यांतल्या पिना आणि त्यांभोवतीची बुश आधी जातात.

उद्यमनगर_लेथ | गुरुवार, सकाळी ९.००

पिना-बुशचं नाव निघालं, आता मला बोलायलाच पाहिजे. शिवाजी उद्यमनगरात आमचं लेथचं छोटं दुकान, वडिलांपासूनचं. आमच्याकडं येणारं निम्मं काम जेसीबी-पोकलेनच्या पिना आणि बुशचं.

मीटरच्या तासांवर विश्वास ठेवू नका, मीटर बदलता येतो. नव्या मशीनना कंपनीची ऑनलाइन नोंद असते, ती असेल तर मालकाला मोबाइलवर दाखवायला सांगा. नसेल तर लोखंड बोलतं. मागचा हात पूर्ण लांब करून जमिनीपासून वीतभर वर धरायला लावा. बकेटचं टोक हातानं डावी-उजवीकडं ढकला. बोटभर हललं तर चालेल, वीतभर हललं तर बकेटपासून किंगपोस्टपर्यंत सगळं घासलेलं आहे. किंगपोस्ट म्हणजे जिथं मागचा अख्खा हात डावीउजवीकडं फिरतो ते बिजागर. तिथलं काम मोठं असतं, चार पिना बदलून भागत नाही.

एक पिन आमच्याकडं आली होती गेल्या आठवड्यात. एका बाजूला चाटून चाटून तिचा आकार चंद्रकोरीसारखा झाला होता. ग्रीसची वाट माती बसून बंद, आत कोरडी. मालक म्हणाला, ऑपरेटर रोज ग्रीस मारतो. तो मारत होता, पण ग्रीस आत जातंय का बाहेरच सांडतंय हे कुणी बघितलं नाही. नवं ग्रीस आत गेलं की जुनं काळं ग्रीस बुशच्या कडेनं बाहेर यायला पाहिजे. ते दिसेपर्यंत पंप थांबवायचा नाही. दिवसाच्या सुरुवातीला दहा-पंधरा मिनिटं जातात, पण आमच्या दुकानात यायचं दोन वर्षं लांबतं. माझं गिऱ्हाईक कमी झालं तरी चालेल, लोखंड असं मेलेलं बघवत नाही.

पोकलेनवाल्यांसाठीही सांगतो. त्यांचा मोठा खर्च खाली, चेनमध्ये असतो. चेन, रोलर, स्प्रॉकेट (चेन फिरवणारं दात्यांचं चाक). मशीन साइटवर लांब लांब चालवत नेलं की ते झिजतं. पोकलेन बसून खणायचं मशीन आहे, फिरायचं नाही.

कागलचा_रस्ता | गुरुवार, दुपारी २.१०

दादा, ब्रेकरचं फोनवर विचारलं. मालक आधी नाही म्हणाला, मग म्हणाला एक हंगाम लावला होता. मागच्या हाताच्या बूमला (वरच्या मोठ्या भागाला) वेल्डिंगही आहे म्हणतोय.

येत्या रविवारी सकाळी बघायला जातोय. मालकाला सांगितलंय, आम्ही यायच्या आधी इंजिन सुरू करून ठेवू नका, थंड इंजिन पहिल्या चावीला कसं उठतं आणि धूर कसला येतो ते बघायचंय. बूमचा_हात भावा, तू सुट्टीला असशील तर येशील का? तुला शिटावर बसवूनच मी ठरवीन. जाण्यायेण्याचं आणि तुझ्या दिवसाचं मी बघतो.

बूमचा_हात | गुरुवार, रात्री ९.०५

येतो. दिवसाचं पैसं नगो. पाण्याची टाकी भरल्याली नसंल तर भरून घ्या म्हणावं, आणि हैड्रोलिक तेल गरम झाल्याबिगर माझं मत इचारू नगो. थंड असताना सगळी मशिनं चांगली वाटत्यात. तासभर मला खणू द्या, मग मी सांगतो.

उद्यमनगर_लेथ | गुरुवार, रात्री ९.४०

मीही येतो. वेल्डिंग कुठल्या जोडावर आहे ते डोळ्यांनी बघायचंय, रंगाखाली लपवलं असेल तर तारेचा ब्रश लागेल. ब्रश आणि झीज मोजायला व्हर्नियर मी आणतो. सात वाजता तावडे हॉटेलच्या चौकात थांबतो, तिथून एकाच गाडीनं जाऊ.